लॉन काढून पक्षी-फुलपाखरं येतील अशी बाग करायचीय, आखणी कुठून सुरू करू?

अंगणवेल
नमस्कार मंडळी, इथे नुसती वाचत असते, आज पहिल्यांदाच विचारतेय. घराच्या मागे आणि एका बाजूला मिळून हजार-बाराशे चौरस फूट जागा आहे. सध्या तिथे लॉन आहे (घर घेतलं तेव्हापासूनच आहे, मला ते कधी आवडलं नाही), भिंतीला लागून मोरपंखीची रांग, कोपऱ्यात एक जुना पेरू, नळापाशी कढीपत्ता, बस्स. सकाळी लॉनवर साळुंक्या उतरतात, कावळे असतात, पेरूच्या दिवसात पोपट, बाकी शुकशुकाट. मला शोभेची बाग नकोय, मला अशी बाग हवीय की खिडकीशी बसलं की काहीतरी हालचाल दिसत राहील, पक्षी, फुलपाखरं, बेडूक, खारी, जे काय येईल ते.

नर्सरीवाला म्हणतो "बटरफ्लाय गार्डन"चा सेट लावून देतो, पेंटास, घाणेरी, एक्झोरा वगैरे, महिन्यात फुलपाखरं येणार म्हणजे येणार. नवऱ्याला तळं हवंय, त्यात मासे सोडायचेत. सासूबाई म्हणतात डास होतील आणि झाडोरा वाढला की साप येतील, आणि त्यांचं म्हणणं अगदीच उडवून लावण्यासारखं नाही, घरात लहान मुलगा आहे. शिवाय कढीपत्त्यावर दरवर्षी अळ्या पडतात, झाडाचा पार खराटा करून टाकतात, त्यावर काय फवारू तेही सांगा. सगळं एकदम करणं जमणार नाही, आधी काय आणि नंतर काय एवढं कळलं तरी खूप झालं.

पानखाऊ
कढीपत्त्यावर काहीही फवारू नका. त्या अळ्या म्हणजेच तुमची फुलपाखरं. लाइम बटरफ्लाय आणि कॉमन मॉरमॉन ही दोन्ही कढीपत्त्यावर आणि लिंबाच्या जातीतल्या झाडांवर अंडी घालतात. लहान असताना अळी थेट पक्ष्याच्या शिटेसारखी दिसते, काळपट-पांढरी, आणि मोठी झाली की हिरवीगार. बोटाने हलकं टोचून बघा, डोक्यामागून लालसर-नारिंगी दुभंगलेलं शिंग बाहेर काढते आणि उग्र वास सोडते, मुलाला दाखवायला याहून भारी काही नाही. अंड्यापासून फुलपाखरू व्हायला साधारण महिना लागतो, हवामानाप्रमाणे थोडं मागेपुढे. झाड मरत नाही, परत फुटतं. घरात वापरायला पानं लागतात म्हणून जीव तुटत असेल तर अजून दोन कढीपत्ते लावा, एक तुमचा, बाकीचे त्यांचे.

आणि इथूनच तुमची आखणी सुरू होते. फुलं लावली की फुलपाखरं येतात हे खरंय पण ती पाहुणी असतात, चहा पिऊन जाणारी. राहणार कधी, तर अळीला खायला पान असेल तेव्हा. बहुतेक जातींच्या अळ्यांची झाडं ठरलेली, दुसरं पान त्या उपाशी मेल्या तरी खात नाहीत. त्यामुळे नर्सरीवाल्याच्या सेटमध्ये रंगीबेरंगी फुलं आहेत आणि अळीची झाडं जवळपास नाहीतच, तर गॅरंटी फक्त पाहुण्यांची आहे.

माझी यादी, जागा बघून निवडा (कंसात त्यावर येणारं फुलपाखरू): रुई (प्लेन टायगर), पानफुटी (रेड पिएरो, याची अळी पानाच्या आत शिरून आतला गर खाते, पान उन्हात धरलं की दिसते), बहावा (कॉमन एमिग्रंट), कण्हेर (कॉमन क्रो, याचा कोष असा चकचकीत असतो की कोणीतरी वर्ख लावलाय असं वाटतं), उंच सरळ वाढणारा खोटा अशोक असेल तर त्यावर टेल्ड जे. रुईचा चीक डोळ्यात गेला तर महागात पडतो आणि कण्हेर सगळीच विषारी, त्यामुळे लहान मूल आहे तर ही दोन्ही मागच्या टोकाला, हाताला सहज लागणार नाहीत अशी लावा किंवा सध्या वगळा. पानफुटी आणि कढीपत्ता मात्र खिडकीपाशी लावा.

अजून एक, खुळखुळा नावाचं झुडूप. याच्या सुकलेल्या फांद्या-शेंगांवर टायगर आणि क्रो जातीच्या फुलपाखरांचे नर अक्षरशः लोंबकळतात. त्यातली अल्कलॉइड द्रव्यं शोषून घेऊन मादीला खुणावणारा गंध तयार करायला वापरतात. फूल नाही, मध नाही, सुकलेली काटकी, आणि तिच्यावर ही गर्दी!

गच्चीवरचा
पानखाऊशी बराचसा सहमत पण पेंटासला इतकं नावं ठेवायची गरज नाही. माझ्याकडे फक्त कुंड्या आहेत आणि पेंटास बाराही महिने फुलतं, मधासाठी उत्तम. देशी-परदेशी हा वाद इथे जरा जास्तच ताणला जातो. कृष्णकमळाच्या बहुतेक वेली परदेशीच आहेत पण टॉनी कोस्टरच्या अळ्या त्यावर सुखाने वाढतात. हळदीकुंकू (लाल-पिवळं फूल येतं ते) तेही अमेरिकेतलं, प्लेन टायगर त्यावर अंडी घालतंच की. घाणेरी मात्र नको. फुलपाखरं येतात त्यावर, नाकारत नाही, पण पक्षी फळं खाऊन बिया लांब लांब टाकतात आणि ती रानात शिरून खालचं सगळं गिळते. आपल्या खिडकीत चार फुलपाखरं यावीत म्हणून ते करण्यात अर्थ नाही.

फुलं निवडताना एकच बघा, एकेरी पाकळ्यांची घ्या. डबल, भरगच्च, हायब्रीड झेंडू-जास्वंद दिसायला छान पण पाकळ्यांच्या त्या गर्दीत मध-पराग एकतर नसतो नाहीतर तिथवर कोणाची सोंड पोचत नाही. आणि एकेक रोप विखरून लावू नका, एकाच जातीची पाच-सात जवळजवळ लावा, लांबून दिसतात.

पानखाऊ
@गच्चीवरचा दादा, कुंडीत पेंटास ठेवा, कोण नाही म्हणतंय. मुद्दा प्रमाणाचा आहे. अमेरिकेत वॉशिंग्टन शहराच्या आसपास घरांच्या बागांमध्ये चिकाडी नावाच्या चिमुकल्या पक्ष्यावर अभ्यास झाला होता, २०१८ ला प्रसिद्ध झाला. ज्या बागांतल्या झाडोऱ्यात देशी झाडं ७० टक्क्यांच्या खाली गेली तिथे त्यांची संख्या टिकून राहील एवढी पिल्लं निघत नव्हती. कारण साधं आहे, परदेशी झाडांवर अळ्या कमी आणि पिल्लं वाढतात अळ्यांवर. या पक्ष्याची एक वीण उडण्याजोगी व्हायला ६ ते ९ हजार अळ्या लागतात असा हिशोब तिथले कीटकशास्त्रज्ञ डग टॅलमी देतात. आपल्या दाणे खाणाऱ्या चिमण्यासुद्धा पिल्लांना किडेच भरवतात, मध पिणारे शिंजीर पिल्लांसाठी कोळी आणि किडे पकडतात. म्हणजे ३० टक्के तुमचा पेंटास, ७० टक्के स्थानिक, भांडण मिटलं.

चतुरनजर
तळ्याबद्दल मी बोलतो, बाकी झाडाबिडांचं मला फारसं कळत नाही.

तळं नक्की करा. पण नवऱ्याला सांगा मासे की बेडूक यातलं एक निवड. गप्पी काय, गंबुसिया काय (गंबुसिया तर फारच खादाड), डासांच्या अळ्या खातात हे खरं पण त्याबरोबर बेडकांची छोटी पिल्लं, चतुराच्या लहान अळ्या, जे तोंडात मावेल ते सगळं खातात. मासे नसलेल्या तळ्यात चतुर आणि टाचण्या (चतुराचे बारीक, नाजूक भाऊबंद) येऊन अंडी घालतात, त्यांच्या अळ्या पाण्यातच वाढतात आणि डासांच्या अळ्यांवर ताव मारतात, पाठीवर पोहणारे पाणकिडे येतात तेही तेच करतात. यांना आणावं लागत नाही, उडत उडत स्वतः शोधत येतात. बेडूकही स्वतःच येतात, कुठून तरी पकडून आणून सोडू नका, त्यांच्याबरोबर त्वचेचा बुरशीचा रोग येऊ शकतो ज्याने जगभर बेडकांची वाट लावलीय.

आता डास. नवीन तळ्यात पहिले काही आठवडे शिकारी आलेले नसतात तेव्हा डासांच्या अळ्या होणार, घाबरू नका. तेवढ्यापुरत्या बीटीआय नावाच्या जिवाणूच्या गोळ्या किंवा दाणे टाका, ते डासांच्या अळ्या मारतं आणि बेडूक, चतुर, पक्षी यांना त्रास होत नाही. पण मी सांगू का, घरातले डास तळ्यातून कमी आणि कुंडीखालच्या थाळीतून, तुंबलेल्या पन्हाळातून, मागे पडलेल्या बादलीतून जास्त येतात. डेंग्यूचा एडिस डास भांड्याच्या कडेला पाण्याच्या रेषेशी अंडी चिकटवतो, ती कोरडी पडली तरी कित्येक महिने टिकतात, त्यामुळे नुसतं पाणी ओतून उपयोग नाही, कडा घासावी लागते. सासूबाईंना हे सांगा, त्या थाळ्यांची मोहीम हातात घेतील आणि तळ्याचा विषय मागे पडेल.

बनवताना जागा अशी घ्या की दिवसातून चार-पाच तास ऊन मिळेल आणि झाडाखाली नको, पानं पडून कुजतात. एक बाजू दीड-दोन फूट खोल आणि दुसरी बाजू अगदी उतरती, शून्यापर्यंत. हा उतार सगळ्यात महत्त्वाचा. सरळ भिंतीच्या टाकीत खार पडली, पक्षी पडला, बेडकाचं पिल्लू बाहेर पडायला लागलं, सगळे अडकतात आणि मरतात. टाकीच वापरायची असेल तर विटा-दगड रचून आतून जिना करा. आणि मूल लहान आहे तर पाण्याच्या पातळीच्या वर मजबूत जाळी बसवा किंवा ते मोठं होईपर्यंत तळं लांबणीवर टाका, याबाबतीत मी अजिबात सूट देणार नाही, लहान मुलाला काही इंच पाणीही पुरतं.

तोपर्यंत पक्ष्यांसाठी उथळ थाळी. मातीची, खडबडीत, एक-दोन इंच पाणी, मध्ये एक दगड. झुडपापासून पाच-सहा फूट लांब, म्हणजे दबा धरून बसलेल्या मांजराला एका उडीत गाठता येऊ नये, आणि पक्ष्याला उडून झुडपात शिरता यावं. रोज पाणी बदला, आठवड्यातून एकदा घासा, घाण थाळीतून रोग पसरतात. वर नळाची बारीक गळती ठेवता आली तर बघाच, टपटप आवाजावर पक्षी लवकर येतात.

मीपणवाचतोय
फॉलो करतोय. फुलपाखरांसाठी पाणी ठेवायचं असेल तर तेही याच थाळीत का?

चतुरनजर
नाही, त्यांना पाणी नको, चिखल हवा. पसरट भांड्यात माती-वाळू, चिमूटभर मीठ आणि कायम ओलसर. बहुतेक नरच येतात, चिखलातले क्षार शोषायला. थवाच्या थवा बसलेला दिसला तर समजा जमलं.

अंगणवेल
बापरे, एवढं सगळं! खूप आभार. कढीपत्त्याला हात लावत नाही आता. तळं सध्या थाळीवरच थांबवते, मुलगा तीनच वर्षांचा आहे.

पण सापांचं कोणी बोललंच नाही. सासूबाई रोज विचारतात. आणि मोरपंखीची रांग काढून टाकू का? ती परदेशीच ना? एका मैत्रिणीने पक्ष्यांना दाण्याचे फीडर आणि लाकडी घरटी लावायला सांगितलीत, ते आधी करू का, लगेच होण्यासारखं आहे म्हणून विचारते.

बांधावरची
सापाचं मी सांगते कारण आमच्या घराला तीन बाजूंनी झाडोराच आहे. सासूबाईंना "येणार नाहीत" असं खोटं सांगू नका. येऊ शकतात. बेडूक, पाली, उंदीर जिथे तिथे साप, आणि लॉन असलेल्या चकाचक बागेतही उंदीर असले तर येतोच. आपल्या हातात काय आहे, तर त्याने कुठे असावं आणि कुठे नसावं हे.

घराच्या भिंतीपासून पाच-सहा फूट पट्टा मोकळा ठेवा, फरशी, खडी किंवा अगदी आखूड गवत, जिथे काही पडलेलं असेल ते लगेच दिसेल. खिडकीला टेकणाऱ्या फांद्या, वेली नकोत. दाराखालची फट बुजवा, सांडपाण्याच्या पाइपला जाळी. विटा, फरशा, भंगार असं काही घराला टेकवून रचू नका. आणि उंदरांचं बघा, दाणे सांडलेले, कुत्र्याचं उरलेलं जेवण रात्री बाहेर राहिलं की उंदीर आणि त्यांच्या मागे साप. म्हणून दाण्याचा फीडर मी तरी लावणार नाही. उंदरांना विष घालू नका, विष खाल्लेला उंदीर घुबडाने खाल्ला की घुबडही जातं. रात्री बागेत जायचं तर टॉर्च आणि पायात बूट, पाल्यात नुसता हात घालायचा नाही, काठीने हलवायचं. फिनेल, डांबरगोळ्या, सापाला पळवणारी झाडं यातलं काही उपयोगाचं नाही, उलट फिनेलने बेडूक मरतील. साप दिसलाच तर लांबून नजर ठेवा आणि सर्पमित्राला बोलवा, विषारी की बिनविषारी ते ओळखायच्या फंदात पडायचं नाही. चावला तर बांधणं, कापणं, चोखणं काही न करता थेट हॉस्पिटल. एवढं सगळं सांगितल्यावर आमच्या घरच्या मोठ्या माणसांचा विरोध बराच कमी झाला, त्यांना नियम हवे असतात, "काही होत नाही गं" हे उत्तर नको असतं.

आता पाला. तो हवाच. पण मागच्या टोकाला, घरापासून सगळ्यात लांब कोपऱ्यात. पालापाचोळा पडू द्या, दोन-तीन जाडसर ओंडके अर्धे मातीत पुरा आणि विसरून जा. त्यात वाळवी, गोम, गांडुळं, भुंगेऱ्यांच्या अळ्या, मग त्यांच्यावर दयाळ, सातभाई, सरडे. सातभाई पाला उलटापालटा करत फिरतात ते बघणं म्हणजे पूर्ण करमणूक आहे, दिवसभर कुरबुर चालू असते त्यांची.

मोरपंखी काढू नका! निदान आत्ता नको. दाट झुडपात बुलबुल आणि मुनिया घरटी करतात, मोरपंखीतही करतात, कोण कुठली आहे ते त्यांना काय करायचंय. आधी तिच्यापुढे देशी झुडपं लावा, ती छातीएवढी झाली की मोरपंखी एकेक करून कमी करा, आणि तेही आत घरटं नाही ना हे बघून.

उगाचशंका
सगळं ठीक आहे पण प्रॅक्टिकल बोलूया. पालापाचोळा, ओंडके, खाल्लेली पानं, शेजारी म्हणणार बागेकडे लक्ष नाही तुमचं. आमच्याकडे तर कोणीतरी लेखी तक्रार केली होती. आणि एवढं करून हजार चौरस फुटात असं किती काय येणार?

पानखाऊ
किती येणार याचं उत्तर आहे. इंग्लंडमध्ये लेस्टर शहरात जेनिफर ओवेन नावाच्या प्राणिशास्त्रज्ञ बाईंनी स्वतःच्या घराच्या बागेत १९७२ पासून ३० वर्षं नोंदी ठेवल्या. अभयारण्य वगैरे काही नाही, फुलं, भाज्या, थोडं लॉन असलेली उपनगरातली बाग. एकूण २,६७३ जाती सापडल्या, त्यातले १,९९७ कीटक. तिथला कडाक्याचा हिवाळा धरून. तुमची बाग त्यापेक्षा बरीच लहान आहे हे मान्य, पण यातला दहावा हिस्सा आला तरी ओळखता ओळखता दमाल.

बांधावरची
आणि शेजाऱ्यांसाठी साधी युक्ती, कडा नीट ठेवा. रस्त्याकडून दिसणारी बाजू कापलेली, विटांची किंवा दगडांची सरळ रेघ, मधून एक स्वच्छ पायवाट, आणि एक छोटी पाटी की ही फुलपाखरांची बाग आहे. मध्ये कितीही रान असू दे, कड नेटकी असली की लोकांना कळतं की हे मुद्दाम केलंय. तक्रारी बहुतेक "सोडून दिलंय" असं वाटलं की येतात.

गच्चीवरचा
फीडरबद्दल बांधावरचीताईंशी शंभर टक्के सहमत, आणि उंदीर हे एकच कारण नाही. दाणे टाकले की कबुतरं येतात, मग दुसरं कोणी येत नाही, आणि त्यांच्या सुक्या विष्ठेच्या धुळीने फुप्फुसांचे आजार होतात. शिजलेला भात, पाव, फरसाण तर अजिबात नको. दाणे खाणाऱ्यांसाठी गवताचा एक तुकडा न कापता बी धरेपर्यंत ठेवा, मुनिया त्याच्या काडीला लोंबकळून बिया काढतात.

लाकडी घरटं चालेल, पण घरटं लागतं फक्त ढोलीत राहणाऱ्यांना, चिमणी, दयाळ वगैरे. शिंपी, बुलबुल, शिंजीर तुमच्या पेटीत कधीच येणार नाहीत. चिमणीसाठी भोक ३२ मिलिमीटर, त्यापेक्षा मोठं केलं तर साळुंकी घुसायला बघते. भोकाबाहेर दांडी लावू नका, तिचा उपयोग शिकाऱ्यालाच होतो. दुपारचं ऊन आणि पाऊस थेट आत जाणार नाही अशा बाजूला तोंड. शिंप्यासाठी रुंद पानांचं एखादं झाड ठेवा, तो पानं शिवून घरटं करतो. आणि कोळ्यांची जाळी सगळी झाडू नका, शिंजीर लटकतं घरटं बांधायला तीच वापरतो. माझ्या घरच्यांना हे कारण सांगितल्यापासून गच्चीतला एक कोपरा साफसफाईतून माफ आहे.

उगाचशंका
बरं बाबा, पटलं अर्धं. पण मावा पडला, पिठ्या ढेकूण आला तर? तेव्हाही नुसतं बघत बसायचं?

मधमाशीवाली
मी इतका वेळ गप्प होते कारण सगळे फुलपाखरांतच रमलेत 🙂 माव्याचं सांगते. मावा आला की पाण्याचा जोरात फवारा मारून खाली पाडा आणि थांबा. लेडीबर्ड भुंगेरे आणि फुलमाश्यांच्या अळ्या माव्यावरच जगतात, पण मावा वाढल्यानंतरच त्या येतात, आधी नाही. आपण त्या मधल्या दिवसांत धीर सोडतो आणि औषध मारतो, त्यात मावाही मरतो आणि येणारेही, पुढच्या वेळी मावा एकटाच परत येतो. कडुनिंबाचं तेल "नैसर्गिक" म्हणून सरसकट मारू नका, फुलपाखराच्या अळ्यांनाही ते बाधतं.

सगळ्यात फसवा प्रकार म्हणजे इमिडाक्लोप्रिडसारखी औषधं, जी झाड आतून शोषून घेतं. ती परागात आणि मधातही उतरतात. युरोपियन युनियनने २०१८ मध्ये या गटातल्या तीन औषधांचा उघड्यावरचा वापर बंद केला तो मधमाश्यांसाठीच. म्हणून नर्सरीत विचारा की रोपावर काय मारलंय, सांगता येत नसेल तर दुसरीकडून घ्या किंवा बियांपासून, फांदीपासून करा. फुलपाखरांसाठी म्हणून घेतलेल्या रोपानेच अळ्या मेल्या असं सहज होऊ शकतं.

आता माझा विषय. मधमाशी म्हटलं की लोकांना पोळं आठवतं, पण जगात माश्यांच्या २० हजारांवर जाती आहेत आणि बहुतेक एकट्या राहतात, पोळं नाही, राणी नाही, अंगावर येणं नाही. यातल्या साधारण तीन चतुर्थांश जमिनीत बीळ करतात. म्हणून बागेत एक तुकडा उघड्या मातीचा ठेवा, उन्हातला, जरा उताराचा, त्यावर ना फरशी ना पाला ना आच्छादन. दिसायला काहीच नाही, आणि तोच सगळे आधी झाकून टाकतात. बाकीच्यांसाठी पोकळ बांबूचे तुकडे, भोक ३ ते १० मिलिमीटर वेगवेगळं, लांबी वीतभर, मागून बंद, जुडी करून पावसाआड पण सकाळचं ऊन लागेल अशी घट्ट बांधा, लोंबकळणारी नको. भोकं मातीने किंवा पानाच्या तुकड्यांनी बुजलेली दिसली की समजा आत अंडी आहेत. गुलाबाच्या पानांच्या कडेला कंपासने काढल्यासारखे अर्धगोल कापलेले दिसतील, ते त्याच माशीचं काम, त्यासाठी औषध शोधत फिरू नका.

वांगी-टोमॅटो लावणार असाल तर भुंगा आणि निळ्या पट्ट्यांची माशी यांना जपा. त्या फुलाला घट्ट धरून अंग थरथरवतात आणि त्या कंपनाने आतला पराग भसकन बाहेर पडतो, पोळ्यातल्या मधमाशीला हे जमत नाही. भुंगा सुकलेल्या लाकडात भोक पाडून राहतो, म्हणून मेलेली फांदी धोकादायक नसेल तर झाडावरच राहू द्या. पेरूवर एखादी असेलच.

अंगणवेल
पेरूवर आहे एक सुकलेली फांदी, माळी कालच कापायची म्हणत होता, वाचली. मी आता कागदावर असं मांडलंय, बघून सांगा:

घराला लागून सहा फुटांचा मोकळा पट्टा, त्यातच खिडकीसमोर पाण्याची थाळी आणि चिखलाचं भांडं. त्यापुढे उन्हातल्या बाजूला गुडघाभर उंचीची फुलझाडं, पानफुटी, एकेरी झेंडू, थोडा पेंटास (हो, पेंटास!). मग कंबरेएवढी-छातीएवढी झुडपं, अजून दोन कढीपत्ते, एक लिंबू, एक्झोरा. मागे मोरपंखी आहे तशी आणि पेरू. लांबच्या कोपऱ्यात पाला आणि ओंडके. मधोमध उघड्या मातीचा तुकडा आणि न कापलेलं गवत. बहावा लावायचाय पण तो फार मोठा होईल का? रातराणी लावली तर रात्री काही येईल का? आणि मुख्य म्हणजे हे लॉन उपटायचं कसं, खूप चिवट आहे.

पानखाऊ
आखणी मस्त झालीय. फक्त लिंबू कढीपत्त्याच्या जवळच घ्या. आणि ओंडक्यांपासून झुडपांपर्यंत मध्ये मोकळं मैदान राहू देऊ नका, सरडा-बेडूक उघड्यावरून जायला घाबरतात, गवताची किंवा झुडपांची सलग पट्टी ठेवा. बहावा मोठा होतो, पण पेरूच्या विरुद्ध कोपऱ्यात एकच लावा, छाटून आटोक्यात ठेवता येतो, आणि कोवळी पालवी खालच्या फांद्यांवर असली की अळ्या डोळ्यासमोर दिसतात.

रातराणी लावा, पतंग येतात, मोठे भिरभिरणारे हॉक मॉथ लांब सोंडेने नळीसारख्या फुलातून मध पितात. पण बागेतला तो पांढराशुभ्र दिवा रात्रभर चालू ठेवलात तर सगळे त्याच्याभोवतीच फिरून दमून मरतील. पिवळसर, खाली तोंड केलेला आणि माणूस आला की लागणारा दिवा घ्या, सापासाठी उजेड हवा तेव्हा मिळेल आणि पतंगही वाचतील.

ती खिडकी मोठी काचेची असेल तर बाहेरच्या बाजूने दर दोन इंचांवर ठिपके चिकटवा. बाग फुलली की काचेत तिचंच प्रतिबिंब दिसतं आणि पक्षी येऊन आपटतात. एकच घारीचं स्टिकर लावून काही होत नाही, दोन स्टिकरच्या मधून जायला बघतात.

बांधावरची
लॉन उपटू नका, झाका. पावसाळ्याच्या आधी गवत जमिनीलगत कापा, भरपूर पाणी घाला, वर पुठ्ठ्याची खोकी उलगडून एकमेकांवर चांगली वीतभर चढवून पसरा, पुठ्ठाही भिजवा आणि त्यावर चार-सहा इंच पालापाचोळा, शेणखत असेल तर तेही. दोन-तीन महिन्यांत खालचं गवत उजेड न मिळाल्याने कुजून जातं आणि माती भुसभुशीत होते. झुडपं लगेच लावायची असतील तर पुठ्ठ्याला तेवढ्यापुरतं भोक पाडून लावता येतात. चिवट, गाठीने पसरणारं गवत असेल तर कडेने परत डोकं वर काढेल, दिसेल तसं मुळासकट ओढत राहायचं. सगळं एकदम झाकू नका, या वर्षी खिडकीसमोरचा अर्धा भाग, उरलेला पुढच्या वर्षी, नाहीतर साळुंक्यांचं चरायचं एकदम बंद होईल. आणि चकचकीत रंगीत छपाईची खोकी घेऊ नका, साधी तपकिरी घ्या, चिकटपट्टी आणि पिना आधी काढून घ्या, नाहीतर दोन वर्षांनी खणताना हाताला लागतात.